'क्वाइट' म्हणजे किती?

तीन वर्षांपूर्वीची नोव्हेंबरमधली संध्याकाळ. रेडिंगला येऊन आम्हाला जेमतेम तीन महिने झाले होते. लेकीच्या शाळेत पालकभेट होती. इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती पहिली पालकभेट आठवत असेल. सहा वर्षांच्या मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसायचं आणि दहा मिनिटांत लेकराचं सगळं भवितव्य समजून घ्यायचं! वर्गशिक्षिका हसतमुख होत्या. गणित छान आहे, चित्रं सुंदर काढते, असं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शी इज क्वाइट क्वायेट."

मी खूश झाले. चक्क "थँक यू" म्हणाले.

मी सहा वर्षं सांगलीजवळच्या एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. एका वर्गात साठ-पासष्ट मुलं. तिथे प्रगतिपुस्तकावर 'शांत व अभ्यासू' असा शेरा मिळणं म्हणजे बक्षीसच. आणि 'क्वाइट' म्हणजे 'अगदी', 'पूर्णपणे', हे तर मीच फळ्यावर लिहून दिलेलं. त्यामुळे 'अगदी शांत मुलगी आहे हो तुमची', असा सरळ अर्थ मी लावला. घरी येऊन आईला व्हिडिओ कॉल केला. "शाळेत बाईंनी कौतुक केलं, म्हणाल्या अगदी शांत आहे." आई म्हणाली, "आहेच मुळी गुणाची पोर." नवऱ्याने येताना जिलेबी आणली. लेक सोफ्याच्या कोपऱ्यात बसून जिलेबी खात होती, काही बोलत नव्हती. तेव्हा आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

मार्चमध्ये शाळेतून बोलावणं आलं. या वेळी वर्गशिक्षिकेच्या शेजारी आणखी एक बाई बसल्या होत्या आणि समोर एक फॉर्म होता. सप्टेंबरपासून आमची मुलगी वर्गात एक शब्दही बोललेली नव्हती. हजेरीला हात वर करायची. पाणी हवं असलं तर बाटलीकडे बोट दाखवायची. खेळाच्या सुट्टीत भिंतीला टेकून उभी राहायची. "मी नोव्हेंबरमध्ये तुम्हाला याची कल्पना दिली होती," वर्गशिक्षिका शांतपणे म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता. उलट त्यांना कोडं पडलेलं दिसत होतं. मुलगी बोलत नाही असं सांगितल्यावर ही आई आनंदाने आभार मानून निघून कशी गेली?

त्या रात्री मला झोप लागली नाही. इंग्रजीत एम. ए. झालेली, इंग्रजीच शिकवून पगार घेतलेली मी, दोन शब्दांच्या साध्या वाक्यात सपशेल नापास झाले होते. माझ्या गुणांचं सोडा, पण त्या वाक्याचा अर्थ मला त्याच दिवशी कळला असता, तर लेकीचे चार महिने वाया गेले नसते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजीबाईंपाशी मन मोकळं केलं. ऐंशीच्या घरातल्या, जन्माने आणि बोलण्याने पक्क्या इंग्रज. माझं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "दिवाळीत तू मला ते तिळाचे... काय ते गोल..."

"खसखशीचे. अनारसे."

"हां. ते खाऊन मी काय म्हटलं होतं?"

"'क्वाइट नाइस' म्हणालात. म्हणून तर मी नाताळात आणखी डबाभर आणून दिले!"

आजीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग दोनदा तेच वाक्य म्हणून दाखवलं. एकदा 'नाइस'वर जोर देऊन, तेव्हा ते 'बरेच छान आहेत हं' असं ऐकू आलं. दुसऱ्यांदा 'क्वाइट'वर जोर देऊन आणि शेवटी आवाज जरा लोंबकळत ठेवून. तेव्हा वाक्य संपलंच नाही. त्याच्या पुढे एक न उच्चारलेला 'पण' उभा होता. "मी दुसऱ्या प्रकारे म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "फार गोड होते गं. पण नाताळचे मी सगळे संपवले." मग त्यांनी एक नियम सांगितला, तो मी अजून विसरलेले नाही. कौतुकाच्या शब्दाआधी 'क्वाइट' आला तर दोन पायऱ्या खाली उतरायचं. काळजीच्या गोष्टीआधी आला तर दोन पायऱ्या वर चढायचं. 'क्वाइट गुड' म्हणजे ठीकच आहे. 'क्वाइट सीरियस' म्हणजे ताबडतोब डॉक्टरकडे जा.

माझी चूक दुहेरी होती तर! इथल्या वर्गात मूल गप्प असणं हा गुण नाही, हे मला माहीत नव्हतं. आणि 'क्वाइट'ने ती काळजी सभ्यपणे झाकून समोर ठेवली होती, हेही कळलं नव्हतं.

शिक्षकाची खोड जात नाही. मी या शब्दाच्या मागे लागले. एक उपयोगी गोष्ट सांगते, इथल्या बऱ्याच सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर ऑक्सफर्डचा मोठा कोश घरबसल्या फुकट पाहता येतो. लेक शाळेत गेली की मी तो उघडून बसायची.

पहिला धक्का असा की 'क्वाइट' आणि 'क्वायेट' ही सख्खी भावंडं आहेत. सांगलीला मी वर्षानुवर्षं या दोन शब्दांवर लाल पेन चालवलं. शेवटच्या 'ई' आणि 'टी'ची अदलाबदल केली की मुलांचे मार्क कापायचे. कितीदा तरी ओरडले असेन की या दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही! संबंध होता. दोन्हींचं मूळ लॅटिनमधलं 'क्वीएटुस', म्हणजे विसावलेला, शांत, मोकळा. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये शब्द झाला, त्याचा अर्थ देण्याघेण्यातून, बंधनातून सुटलेला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही दरबाराची आणि कायद्याची भाषा झाली, आणि तिच्यामार्फत हा शब्द इंग्रजीत शिरला.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या खजिन्याच्या हिशोबात, एखाद्या अधिकाऱ्याने सगळी बाकी भरली की शेवटी लॅटिनमध्ये 'क्वीएटुस एस्ट' असं लिहीत. म्हणजे हा आता मोकळा, याच्याकडे काही येणं राहिलं नाही. शेक्सपिअरने हॅम्लेटच्या त्या प्रसिद्ध स्वगतात 'क्वायीटस' हाच शब्द आयुष्याचा हिशोब मिटवण्यासाठी वापरला आहे. दोन मुलांची देवाणघेवाण बरोबरीत सुटली की इंग्रज मुलं 'क्विट्स' म्हणतात, आपण 'फिट्टंफाट' म्हणतो. कोर्टाने आरोपीला सोडलं की 'अक्विट', उपकाराची परतफेड केली की 'रिक्वाइट', आणि सोडून निघालं की 'क्विट'. हा शेवटचा शब्द आपल्या इतिहासातही आहे. 8 ऑगस्ट 1942 ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर काँग्रेसच्या बैठकीत जो ठराव झाला, त्याला जग 'क्विट इंडिया' म्हणून ओळखतं. त्या घोषणेचं श्रेय युसूफ मेहेरअलींना दिलं जातं. ती घोषणा देणाऱ्या कुणाच्या डोक्यात ही व्युत्पत्ती नसणार. पण हिशोब चुकता करा आणि निघा, हा भाव त्या शब्दाच्या मुळातच आहे.

मग 'मोकळा'चा 'पूर्णपणे' कसा झाला? कर्ज पूर्ण फिटलं तरच माणूस मोकळा. काहीही शिल्लक न राहता, निःशेष. चौदाव्या शतकापासून 'क्वाइट' हा शब्द 'संपूर्णपणे' या अर्थाने क्रियाविशेषण म्हणून वापरात दिसतो. आपल्या 'साफ'चंही हेच झालं आहे. साफ म्हणजे स्वच्छ, पण 'मी साफ विसरले', 'त्याने साफ नकार दिला' असं आपण म्हणतो तेव्हा तिथे स्वच्छतेचा काय संबंध? काही उरलं नाही, एवढाच. गंमत म्हणजे इंग्रजीतही 'क्लीन' याच अर्थाने येतो. डॉ. जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात 'क्वाइट'ची चर्चा करताना, मूळचा वापर 'क्लीन'च्या जोडीने होत असे, असं नोंदवलं आहे. आणि त्याने दिलेला अर्थ एकच आहे, पूर्णपणे. 'थोडंफार', 'बऱ्यापैकी' या अर्थाचा तिथे मागमूस नाही. 1611 च्या राजा जेम्सच्या बायबलमध्येही राहेल आणि लेआ या बहिणी बापाने आपला पैसा खाल्ला अशी तक्रार करतात, तेव्हा 'क्वाइट' येतो. तिथे पैसा थोडाफार नाही, सगळाच्या सगळा खाल्लेला असतो. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत 'क्वाइट'ची नुसती रेलचेल आहे, आणि तिच्या नायिका 'क्वाइट' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा 'अगदी' असंच म्हणतात.

म्हणजे सांगलीच्या फळ्यावर मी लिहिलेला अर्थ चुकीचा नव्हता. तो दोनशे वर्षं जुना होता, एवढंच!

पुढची घसरण एकोणिसाव्या शतकातली. 'पूर्णपणे'वरून 'खरोखरच', 'खरोखरच'वरून 'बराच', आणि 'बराच'वरून 'बऱ्यापैकी'. एकेक पायरी खाली. असं का होतं याचं उत्तर सोपं आहे. माणसाला वाढवून बोलायची सवय असते. जे नुसतं चांगलं आहे त्याला आपण 'संपूर्ण चांगलं' म्हणतो. ऐकणारा मग मनातल्या मनात थोडं वजा करायला शिकतो. पिढ्यानपिढ्या अशी वजाबाकी होत राहिली की शब्दाची किंमतच उतरते. नाणं तेच, पण त्यातली चांदी कमी होत जाते. 'टेरिबली' आणि 'ऑफुली' हे शब्द मूळचे दहशतीचे आणि दराऱ्याचे, आज त्यांचा अर्थ निव्वळ 'फार' एवढाच उरला. आणि आपण काय वेगळं करतो? 'भयंकर सुंदर साडी' म्हणताना कुणाला भय वाटतं?

जुना अर्थ मात्र मेलेला नाही, आणि खरा घोटाळा तिथेच आहे. दोन्ही अर्थ एकाच घरात नांदतात. ज्या गुणाला कमी-जास्त करता येतं, त्याच्या आधी इंग्लंडमधला 'क्वाइट' बऱ्यापैकी असतो: 'क्वाइट वॉर्म', 'क्वाइट टायर्ड'. जिथे कमी-जास्त होऊच शकत नाही, तिथे तो पूर्ण असतो: 'क्वाइट इम्पॉसिबल', 'क्वाइट राइट'. अशक्य गोष्ट थोडीशी अशक्य कशी असेल? क्रियापदांचंही तसंच. 'आय क्वाइट अग्री' म्हणजे मला पूर्ण मान्य आहे. 'आय क्वाइट लाइक इट' म्हणजे आवडलं, पण वेड लागण्याइतकं नाही. 'नॉट क्वाइट' म्हणजे नेहमीच 'पूर्ण नाही'. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे थोडे नव्हेत, पुष्कळ. आणि कुणी नुसतंच मान हलवून 'क्वाइट' म्हणालं, तर 'अगदी खरं बोललात'.

यात अमेरिकेची भर. माझी नणंद न्यू जर्सीला असते. तिच्या साहेबांनी तिचं काम 'क्वाइट गुड' म्हटलं तेव्हा तिने आम्हाला आनंदाने फोन केला. मी तोपर्यंत आजीबाईंची शिष्या झालेले, मला तिची कीव आली. पण तिचा आनंद खरा होता! अमेरिकेत 'क्वाइट गुड' म्हणजे सहसा चांगलंच चांगलं. त्यामुळे अटलांटिकच्या या काठावरून त्या काठावर पत्र पाठवताना हा एक शब्द जपून वापरावा. आपल्यापैकी ज्यांचे साहेब एका देशात आणि हाताखालची माणसं दुसऱ्या देशात आहेत, त्यांनी तर नक्कीच.

हे सगळं वाचताना आधी मला इंग्रजांचा रागच आला. सरळ बोलायला काय होतं यांना? चांगलं तर चांगलं म्हणा, वाईट तर वाईट. पण एक दिवस घरीच आरसा सापडला.

'ठीक' हा आपला शब्द घ्या. 'ठीक बारा वाजता' म्हणजे एक मिनिटही इकडे-तिकडे नाही, नेमकं. आणि 'सिनेमा कसा होता?' 'ठीक होता.' म्हणजे नाही पाहिलात तरी चालेल. एकच शब्द, एकदा काटेकोर, एकदा कामचलाऊ. मराठी शिकणाऱ्या एखाद्या इंग्रज बाईला हे कसं समजावाल? 'बरा'चं तर त्याहून मोठं उदाहरण आहे. कोशकार त्याचा संबंध संस्कृत 'वर' या शब्दाशी लावतात, म्हणजे श्रेष्ठ, निवडक. तुकोबांच्या अभंगांत 'बरा' येतो तो चांगला, भला या अर्थाने. आणि आज? 'मुलगा कसा आहे?' 'बरा आहे.' एवढ्या उत्तरावर स्थळ मोडतं! श्रेष्ठापासून निघालेला शब्द कसाबसा पासापर्यंत येऊन थांबला. 'क्वाइट' उतरला तो जिना आपला 'बरा' मराठीत आधीच उतरून गेला होता, आणि रोज तो शब्द तोंडात असूनही मला ते कधी दिसलं नव्हतं.

आणि तरीही 'बरा'चा अर्थ लावताना माझी कधी फसगत झाली नाही. लग्न होऊन सासरी गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात सासूबाई माझ्या आमटीला म्हणाल्या, "बरी झालीय." मी खट्टू झाले. संध्याकाळी नणंदेने कानात सांगितलं, "वहिनी, आई याच्या पुढे कधी जात नाही. हे तिचे शंभरपैकी शंभर." त्यानंतर मी शब्द ऐकायचंच सोडलं. सासूबाई आमटी पुन्हा वाढून घेतात का, तेवढं बघायची. शंका आली तर नणंद होतीच विचारायला.

इथे माझं नेमकं तेच हरवलं होतं. कोश होता, पदवी होती, व्याकरण होतं. रेन अँड मार्टिनमध्ये 'क्वाइट' प्रमाणदर्शक क्रियाविशेषणांत मोडतो हे पाठ होतं. पण ते प्रमाण किती, हे कानात सांगणारी नणंद नव्हती. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्याचं माप मात्र माणसांत राहून, चुकत-माकत, कुणाला तरी विचारूनच कळतं. आपण परदेशात येतो तेव्हा भाषा बरोबर आणतो, माप मात्र मागेच राहतं. आणि इंग्रजी येतं या भरवशावर असलेल्या आपल्यासारख्यांची फसगत जास्त होते, कारण विचारायची गरज आहे हेच आपल्याला वाटत नाही. इंग्रजी येत नसतं तर त्या नोव्हेंबरमध्ये मी नक्की विचारलं असतं, "म्हणजे काय?"

ते मी मार्चमध्ये विचारलं. पुन्हा वेळ मागून घेतली, त्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि सरळ म्हटलं, "आमच्याकडे शांत असणं हे कौतुक असतं. तुम्ही 'क्वाइट क्वायेट' म्हणालात तेव्हा मी त्याचा चांगला अर्थ घेतला. कृपा करून मला थेट सांगा, काळजी किती आहे?" त्या शिक्षिका क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनीही खुर्ची पुढे ओढली. खरं सांगते, तिथून पुढे आमचं बोलणं दोन शिक्षिकांचं झालं.

त्यांनी समजावलं की नव्या भाषेत येऊन पडलेली काही मुलं सुरुवातीचा काळ नुसती ऐकत असतात. त्याला इथले शिक्षक 'सायलेंट पीरिअड' म्हणतात. बोलण्याचा धाक घालायचा नाही, पण एकटंही सोडायचं नाही. घरी मराठी मुळीच थांबवू नका, असं त्यांनी निक्षून सांगितलं. आम्ही काही लहान लहान गोष्टी ठरवल्या. बाई तिला वाचनाला एका पोलिश मुलीच्या शेजारी बसवू लागल्या. तीही आदल्या वर्षी अशीच गप्प होती. वर्गात उद्या जी गोष्ट वाचायची ती आदल्या दिवशी घरी येऊ लागली. मी ती आधी मराठीत सांगायची, मग इंग्रजीत. तोंडी उत्तराऐवजी तिने चित्र काढून दाखवलं तरी चालायचं. दर शुक्रवारी बाई मला फाटकापाशी दोन वाक्यं सांगायच्या, आणि त्यांनी त्यांत 'क्वाइट' न वापरण्याचं मनावर घेतलं होतं! चुकून तोंडात आला की स्वतःच हसायच्या.

एप्रिल गेला, मे गेला. मधे दोन आठवडे तर काहीच फरक दिसेना, आणि मी रात्री पुन्हा जागू लागले. जूनमधल्या एका शुक्रवारी बाई फाटकापाशी आल्या त्या लांबूनच हात हलवत. खेळताना त्या पोलिश मुलीने लेकीची रांगेतली जागा घेतली, आणि आमची बाई सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दॅट्स नॉट फेअर!" पहिलं वाक्य, आणि तेही भांडणाचं. मी तिथेच फाटकाला धरून रडले.

त्या रात्री मी तिला जवळ घेऊन विचारलं, "इतके दिवस का गं बोलत नव्हतीस?" ती म्हणाली, "मी गप्प नव्हते आई. मी नुसतं ऐकत होते. मला त्यांच्यासारखं बोलायचं होतं." ती वर्गात एकटी उभी होती, हे त्यामुळे काही खोटं ठरत नाही, आणि ते चार महिने माझ्या मनातून जायचे नाहीत. पण आईने इंग्रजी येतं म्हणून ऐकायचंच सोडलं होतं आणि लेक येत नाही म्हणून कान देऊन ऐकत होती, हेही तितकंच खरं.

आता ती पाचव्या इयत्तेत आहे. यंदा जुलैत आलेल्या वार्षिक अहवालात लिहिलं होतं, वर्गात बोलताना 'क्वाइट कॉन्फिडंट' असते. छापील अक्षराला जोर नसतो, सूर नसतो. मी अहवाल घेऊन आजीबाईंकडे गेले. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "याबाबतीत मीही सांगू शकत नाही. विचार त्यांना." मी विचारलं. नव्या वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, "ओह, व्हेरी." तेव्हा मंडळी, माझं एवढंच सांगणं. विचारा. शाळेत, दवाखान्यात, ऑफिसात, जिथे आपल्या माणसाचं काही पणाला लागलेलं आहे तिथे, इंग्रजी कितीही उत्तम येत असलं तरी लाज न बाळगता विचारा, 'म्हणजे नेमकं किती?' इंग्रज माणूस विचारल्यावर सांगतो. न विचारता मात्र सांगणार नाही.

परवा रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, भरली वांगी क्वाइट छान झालीयेत." जन्म सांगलीचा, सूर रेडिंगचा. मी वळून तिच्याकडे पाहिलं. जोर कशावर होता ते माझ्या लक्षातच आलं नाही. मग सासूबाईंच्या वेळची युक्ती आठवली. काही न बोलता ताटाकडे बघत बसले.

तिने आणखी एक वांगं वाढून घेतलं.